रेवाखेडीच्या खाणीत भागीबाईंचा वाटा

नाशिकला पेठ नाक्यावर माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या भिंतीला भिंत लागून पुंजा भोये यांचं मोटारी भरायचं दुकान. दिंडोरी, पेठ, हरसूलकडच्या शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी कमी दाबाच्या विजेनं जळायच्या आणि टेम्पोत, एसटीच्या टपावर, कधी मोटारसायकलच्या मागे बांधून तिथं यायच्या. जळकी मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नव्या तारेची वेटोळी करून खाचांत बसवायची, वरून वार्निश द्यायचं आणि वाळवायचं. याला मोटार भरणं म्हणतात. पुंजाभाऊ ते सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर असताना शिकले. त्यांच्या बायकोला, भागीबाईंना, त्यांनी शिकवलं. दोघं समोरासमोर बसून काम करत, आणि दिवसभरात त्यांच्यात फार तर दहा वाक्यं होत.

भागीबाई मूळच्या सुरगाण्याकडच्या. वडील डोंगराच्या उतारावर नागली, म्हणजे नाचणी, घ्यायचे, खाली ओहोळाच्या कडेला थोडा भात. दिवाळी झाली की घराला कडी घालून सगळे पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या बागांवर कामाला जात. त्यामुळे शाळा चौथीपर्यंत, तीही तुटक. उंचीनं बुटक्या, कपाळावर गोंदण, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या तारेकडे बघायची सवय. त्यांना घाई झालेली मी कधी पाहिली नाही.

चौऱ्याण्णव साली नाशकात शेअरच्या फॉर्मचं वेड होतं. माझ्या काउंटरवर वह्या-पेनं मागे आणि फॉर्मचे गठ्ठे पुढे असत. माझ्या शिक्क्याचा फॉर्म भरला गेला की मला थोडं कमिशन मिळायचं. शिक्षक, कंडक्टर, मार्केट यार्डातले हमालसुद्धा फॉर्म नेत. एका दुपारी भागीबाई लेबलांचा कागद घ्यायला आल्या आणि गठ्ठ्यातल्या एका फॉर्मवरच्या चित्राकडे बघत उभ्या राहिल्या. चित्रात पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला प्रचंड खड्डा होता.

ही कसली खाण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तांब्याची. मध्य प्रदेशात जबलपूरच्या पुढे आहे, कंपनीचं नाव रेवाखेडी कॉपर. तुम्ही जी तार वापरता तिचं तांबं अशाच खाणीतून निघतं. शेअर घेतला तर त्या खाणीत आपला एक बारीकसा वाटा, आणि नफा झाला की वर्षाकाठी डिव्हिडंड.

“तारेचा भाव दर साली चढतो,” त्या म्हणाल्या. “तो पैसा जातो कुठं, याचा मी लय विचार केलाय. इथं जात असंल तर आपण पण इथं ऱ्हाऊ.”

पुंजाभाऊंनी नाही म्हटलं नाही. त्या घरात एक रीत होती. मोटारीतून उपसलेली जळकी तार भंगारात जायची आणि तिचे पैसे भागीबाईंचे असायचे. त्यातून त्यांनी दोनशे शेअरचे पैसे काढले. फॉर्म भरताना नाव कुणाचं टाकू, असं मी पुंजाभाऊंना विचारलं. दुकान त्यांच्या नावावर होतं, घर त्यांच्या नावावर, विजेचं मीटरही. ते स्क्रू पिळता पिळता म्हणाले की पैसे तिचे आहेत, तर नावही तिचंच टाका.

तेव्हा भागीबाईंचं बँकेत खातं नव्हतं. पहिला डिव्हिडंड आला तेव्हा ते उघडावं लागलं. सहीसाठी त्यांनी माझ्या दुकानातल्या रद्दी कागदांवर आठवडाभर सराव केला. बँकेत मॅनेजरसमोर पहिली सही वाकडी आली, दुसरी बरोबर. डिव्हिडंडची रक्कम एवढीशी होती की पुंजाभाऊ हसले. भागीबाईंनी त्यात भंगाराचे पैसे घातले आणि माझ्याकडून बाजारातून आणखी थोडे शेअर मागवले. असं तीन-चार वर्षं चाललं.

त्या काळात ज्यांचे फॉर्म मी विकले त्यातल्या निम्म्याअधिक कंपन्या नाहीशा झाल्या. पत्र पाठवलं तर ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा लागून परत येई. रेवाखेडी नाहीशी झाली नाही. पण अठ्ठ्याण्णव साली जगभर तांब्याचा भाव पडला आणि कंपनीनं कळवलं की या वर्षी डिव्हिडंड नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. दहा रुपयांचा शेअर सहाला कुणी घेईना. मी भागीबाईंना विकून टाकायला सांगितलं. मिळतील तेवढे घ्या आणि मोकळ्या व्हा, असं माझं म्हणणं होतं.

त्यांनी थोडा वेळ तार गुंडाळली. मग म्हणाल्या, “खाण हाय का नाय, ते तरी एकदा बघून येऊ.”

मला आधी ती थट्टा वाटली. पण कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस त्यांच्याकडे आली होती आणि सभा खाणीच्या गावातच होती. माझ्याकडेही पन्नासेक शेअर होते. शेवटी पुंजाभाऊंनी दुकानाला तीन-चार दिवस कुलूप लावलं आणि सविता आणि ललित या दोन्ही मुलांना मामाकडे धाडलं. नाशिकरोडहून जागा मिळाली नाही, मनमाडहून मिळाली, म्हणून आम्ही तिघं मनमाडला जाऊन जबलपूरची गाडी धरली. पुढे बस. सप्टेंबर होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पोटरीत आलेलं होतं आणि भागीबाई खिडकीतून तेच बघत होत्या.

खाण खरोखर होती. तारेच्या कुंपणापाशी उभं राहिलं की खाली पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा दिसायचा. भिंतींच्या दगडात जागोजागी हिरवट झाक होती आणि तळाला पावसाचं पाणी साचलेलं. पाणी उपसायचे पंप चालू होते. पुंजाभाऊंना खाणीपेक्षा त्या पंपांचंच जास्त अप्रूप. एकेक मोटार आपल्या दुकानाएवढी आहे, असं ते दोनदा म्हणाले आणि जवळ जाऊन बघता येईल का ते विचारायला पहारेकऱ्याकडे गेले.

कुंपणाबाहेर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर खाणीतला एक म्हातारा मुकादम बसला होता. भागीबाईंनी बाजारात शिकलेल्या हिंदीत त्याच्याशी बोलणं काढलं. तो तीस वर्षं इथं होता. आपण कोण, कुठून आलो, हे त्यांनी सांगितल्यावर तो हसला नाही, उलट सरकून जागा दिली. त्यानं सांगितलं की तो लहान असताना इथं टेकडी होती. टेकडीवर त्याच्या गावची गुरं चरायची. आधी टेकडी संपली, मग खड्डा झाला. खड्डा जिथं संपेल तिथं आपलं कामही संपेल, असं तो अगदी सहज म्हणाला, जसं कुणी पोराचं लग्न कधी आहे ते सांगावं.

मग आम्ही सभेच्या हॉलकडे निघालो. हॉल दिसायला लागल्यावर भागीबाई थांबल्या.

“आमच्या तिकडं उतारावर दोन-तीन साल नागली घेतली की रान थकतं,” त्या मला म्हणाल्या. “मग त्याला पड ठेवायचं. चार-पाच सालांनी ते परत देतं. हे परत नाय द्यायचं, भाऊ.”

सभेला तीसेक माणसं असतील. बहुतेक जवळपासच्या गावांतले लोक आणि कंपनीचेच निवृत्त कामगार. अध्यक्ष म्हणजे सडपातळ, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. त्यांनी अहवाल वाचला. भाव, खर्च, कर्ज. लोकांनी डिव्हिडंडबद्दल विचारलं, त्यांनी उत्तरं दिली. मग भागीबाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घेतला आणि हिंदी-मराठीची सरमिसळ करत विचारलं की खाली तांबं अजून किती सालांचं उरलंय.

अध्यक्षांनी हातातले कागद खाली ठेवले. बाई, तुम्ही कुठून आलात, असं विचारलं. नाशिकहून म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या इंजिनिअरशी दोन शब्द बोलून घेतले आणि सावकाश सांगितलं, “दहा वर्षं. फार तर अकरा. त्याखाली दगड आहे, पण तो खोदायला जितका खर्च येईल तितकं त्यातून निघणार नाही. नवी खाण घ्यायला आमच्याजवळ पैसा नाही. भाव आला तर निघेल ते कामगारांना आणि तुम्हा लोकांना वाटत जाऊ, आणि संपली की बंद करू.”

भागीबाई खाली बसल्या. बाहेर समोसा आणि चहा होता, तो आम्ही घेतला.

परतीच्या गाडीत पुंजाभाऊ लगेच झोपले. भागीबाई खिडकीशी बसल्या होत्या. इटारसी गेल्यावर म्हणाल्या, “म्हणजे डिव्हिडंड म्हंजी व्याज नाय. मुद्दलच तुकड्यातुकड्यानं परत येतंय.”

मी म्हटलं, खाणीच्या बाबतीत बरंचसं तसंच आहे.

“मग ते खायचं नाय,” त्या म्हणाल्या. “जे परत परत देतं, असल्या कशात तरी घालायचं.”

नाशिकला आल्यावर मला वाटलं, आता त्या विकायला सांगणार. त्यांनी उलट आणखी घ्यायला सांगितले. अध्यक्ष दहा वर्षं आहेत म्हणाला, आणि माणूस खोटं बोलला नाही, एवढंच त्यांचं कारण. पुढची दोन-तीन वर्षं कुणालाही नको असलेला तो शेअर त्या भंगाराच्या पैशातून थोडा थोडा घेत राहिल्या. मधल्या काळात कागदी सर्टिफिकेटं जाऊन डिमॅट आलं, त्याचे सगळे सोपस्कार मी केले. डिव्हिडंड एक साल आला, एक साल नाही.

दोन हजार चारपासून तांबं चढायला लागलं. त्याची पहिली झळ दुकानालाच बसली. तारेचा भाव दुप्पट झाला, मग तिप्पट. शेतकरी भरणावळ ऐकून मोटार परत घेऊन जायचे किंवा ॲल्युमिनियमची तार घाला म्हणायचे. पुंजाभाऊंना ॲल्युमिनियमचं काम आवडत नसे. लवकर जळतं, मग शिव्या आपल्याला, असं ते म्हणत. विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या, कारण चोरांनाही भाव कळला होता. काही दिवस तर दुकानात नुसतं बसून काढावे लागले.

आणि त्याच वर्षी, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जास्त, रेवाखेडीचा डिव्हिडंड आला. दुकान सहा महिन्यांत जेवढं मिळवत होतं त्याहून मोठी रक्कम एका दिवसात भागीबाईंच्या खात्यात जमा झाली.

घरात एकदम हवा बदलली. पुंजाभाऊंना पत्रे काढून स्लॅब टाकायचा होता. ललित तेव्हा विशीत होता. त्याला सुरगाणा लाइनवर प्रवासी न्यायला स्वतःची जीप टाकायची होती. दुसऱ्यांच्या गाड्या चालवत होता, लायसन होतं, फक्त पहिली रक्कम हवी होती. भागीबाईंनी दोन्हीला नाही म्हटलं. सविता दहावी झाली होती. तिला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलला घालायचं त्यांनी ठरवलं, वसतिगृहाचा खर्च धरून. आणि उरलेल्यातून माहेरच्या उतारावर, भावाच्या पड जमिनीत आंब्याची कलमं. पाणी द्यायला टाकी आणि पाइप. जमीन भावाची, खर्च बहिणीचा, आंबा निम्मा निम्मा, असं त्या भावाशी बोलून आल्या.

ललितचं आणि त्यांचं भांडण झालं ते मी दुकानात बसून ऐकलं. भिंत पातळ होती. सवितावर खर्च करते, मामाच्या डोंगरावर करते, मग मीच काय केलं, असं तो विचारत होता.

“जीप झिजते, ललित,” भागीबाई म्हणाल्या. “पाच सालांत पत्रा उरतो. खाण पण झिजतीया. झिजणाऱ्याचा पैसा झिजणाऱ्यात कसा घालू?”

“आणि मी? मी झिजत नाय का दुसऱ्याच्या गाडीवर?”

ललित त्याच आठवड्यात पिंपळगावला गेला. द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. दिवाळीला आला नाही. पुंजाभाऊंचं जेवण कमी झालं. भागीबाई काम करत राहिल्या. एकदा त्यांच्या हातून मोटारीच्या वेटोळ्यांची उलटी जोडणी झाली, जी मी त्यांच्याकडून कधीच झालेली पाहिली नव्हती. त्यांनी सगळं सोडवलं आणि पुन्हा केलं.

फेब्रुवारीत, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना, त्या एकट्याच पिंपळगावला गेल्या. तिथं काय झालं ते मला ललितनं पुढे सांगितलं. तो टेम्पोखाली चादर अंथरून पडला होता. आई येऊन शेजारी बसली. शेडमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या पोरींकडे बघत म्हणाली की लग्नाआधी मीही इथंच होते, याच रस्त्याच्या पलीकडच्या बागेत.

मग ती म्हणाली, “तू म्हणालास ते मी लय दिवस मनात घोळवलं. जीप झिजते, ते खरं. पण चालवणारा तिच्यावर उभा ऱ्हातो, ते मी धरलं नव्हतं. अर्धी रक्कम मी देते. अर्धी तू साठव.”

ललितला दीड वर्ष लागलं. त्यानं जीपऐवजी पिकअप घेतली, जुनी, पण इंजिन चांगलं. पिंपळगावहून भाजी आणि द्राक्षं वाहिली, पुढे सुरगाण्याकडून स्ट्रॉबेरी आणि नागली. बाकीच्या कर्जाचा हप्ता त्यानं एकदाही चुकवला नाही. पुंजाभाऊंचा स्लॅब मात्र राहिलाच. पत्र्यांना त्यांनी स्वतः डांबर लावलं.

दोन हजार सातच्या शेवटी रेवाखेडीचा शेअर कधी नव्हे इतका वर गेला. मी माझे विकले. मी भागीबाईंना दोनदा समजावलं की दहा वर्षं म्हटलं होतं, त्यातली आठ झाली. आता जो घेतोय त्याला खाण संपायला आलीय हे माहीत नाही किंवा पर्वा नाही. घेऊ द्या त्याला. त्या म्हणाल्या की अजून तिथं माणसं उतरतायत, शेवटपर्यंत राहू. मला वाटतं, त्या खाणीशी त्यांचं काहीतरी नातं झालं होतं, जे माझं कधी झालं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सगळं कोसळलं. तांबं पडलं, शेअर पडला, आणि थोड्याच महिन्यांत कंपनीनं कळवलं की खाण बंद होत आहे. कामगारांचा हिशेब चुकता करून जे उरेल ते भागधारकांना वाटलं जाईल. मी ते पत्र भागीबाईंना वाचून दाखवलं. तुम्हाला तेव्हा विकायला हवं होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी बोललो नाही. त्याच म्हणाल्या.

“तुमचं ऐकायला हवं होतं, भाऊ. मी चुकले.” मग थोड्या वेळानं विचारलं, “त्या मुकादमाचं काय झालं असंल?”

मला माहीत नव्हतं. कंपनीच्या ऑफिसला मी फोन लावून पाहिला, पण नावाशिवाय कुणाला काय सांगणार. तीस वर्षं काम केलेले मुकादम तिथं पुष्कळ होते.

शेवटची रक्कम उन्हाळ्यात आली. फार नव्हती. सविताचा डिप्लोमा झाला होता आणि दिंडोरीच्या सबस्टेशनला ती अप्रेंटिस होती. ललितचं लग्न ठरत होतं. या पैशाचं काय करायचं, असं मी विचारलं, तर त्यांनी पुंजाभाऊंकडे बघितलं. पुंजाभाऊ म्हणाले, इतकी वर्षं एक पैसा खाल्ला नाही, हे तरी खाऊ.

मग मे महिन्यात ललितच्या पिकअपमध्ये बसून आम्ही सगळे सुरगाण्याला गेलो. त्या पैशातून भागीबाईंच्या भावानं बोकड कापला. नागलीच्या भाकऱ्या चुलीवर भाजल्या जात होत्या. गावातली पन्नास-साठ माणसं जेवली. कलमं माणसाच्या खांद्याइतकी झाली होती, काहींना पहिल्यांदाच चार-दोन कैऱ्या लागल्या होत्या, आणि भावाची पोरं त्या मोजत फिरत होती. जेवणं झाल्यावर पुंजाभाऊ टाकीच्या मोटारीचा आवाज बरोबर येत नाही म्हणून ती उघडून बसले. भागीबाई बांधावरच्या एका जुन्या झाडाखाली आडव्या झाल्या आणि ऊन उतरेपर्यंत झोपल्या. त्यांना दुपारी झोपलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. सविता म्हणाली, उठवू नका. ललितनं गाडी सावलीत लावली आणि आम्ही थांबलो.